डॉक्टरकाकांची मान

१२ जानेवारी २००४, सोमवार

आज ट्रेनिंगचा दिवस. दुपारी दवाखाना बंद ठेवून आम्हां तीन डॉक्टरांना आणि रिसेप्शनवरच्या ब्रेंडाला एका हॉलमध्ये बसवलं. विषय होता, स्पॅनिश बोलणाऱ्या पेशंटांशी कसं बोलावं. दोन-तीन वर्षांत क्रॉयडनमध्ये एक्वादोर, कोलंबियाकडची बरीच मंडळी आली आहेत. पहाटे ऑफिसं झाडतात-पुसतात आणि दहाच्या सुमारास आमच्याकडे येतात.

शिकवणाऱ्या बाईंनी चार पानं वाटली. हे लोक डॉक्टरला फार मान देतात, त्यामुळे तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. आधी घरच्यांची चौकशी करा, मग आजाराची. खुर्ची जवळ घ्या. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे वागा. बाकीचे दोन डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. मला मात्र वाटत होतं, बाई आमच्या गावाबद्दलच बोलताहेत.

शेवटी बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “पटलं का?” मी मान हलवली. बाईंनी तो मुद्दा पुन्हा समजावून सांगितला. मी पुन्हा मान हलवली. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितला, या वेळी फळ्यावर चित्र काढून. फार तळमळीच्या बाई.

१५ जानेवारी, गुरुवार

हिंगमिरे हे आडनाव इथे कुणाला म्हणता येत नाही. ब्रेंडा वीस वर्षं रिसेप्शनवर आहे आणि मला बारा वर्षं ‘डॉक्टर एच’ म्हणते. चालतं. पण एका अक्षरावर जिव्हाळा कसा बसणार?

सकाळी पूजा करताना सुचलं. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना लहानथोर सगळे डॉक्टरकाका म्हणायचे. माझी आजी म्हणायची, जी त्यांच्या आईच्या वयाची होती. मी डॉक्टर झालो तो त्या एका शब्दामुळे.

आज पहिला प्रयोग केला. कोलंबियाची एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. छातीवर हात ठेवून कॅसेटवर शिकलेलं वाक्य म्हटलं, “यो सोय डॉक्टर काका.” मी डॉक्टर काका. मुलगी खुर्चीवरून खाली घसरली, इतकी हसली. आईनं मफलरमध्ये तोंड लपवलं. जाताना दोघींनी दारातून वळून पाहिलं. बारा वर्षांत कुणी वळून पाहिलं नव्हतं.

सुप्रभाला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, घशाच्या तपासणीत एवढं हसण्यासारखं काय होतं?”

म्हटलं, “जिव्हाळा म्हणतात त्याला.”

२० जानेवारी, मंगळवार

गाडीत रोज स्पॅनिशची कॅसेट ऐकतो. आठ धडे झाले. त्यातला माणूस स्टेशनचा रस्ता विचारतो आणि मासे मागवतो. अजून आजारी पडलेला नाही.

आज ब्रेंडानं एक नवं कार्ड आत पाठवलं. त्यावर तक्रारीच्या जागी तिनं लिहिलं होतं, ‘डेड, ओ.’ मी घाईनं बाहेर गेलो. समोर अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, दोन वेण्या घातलेली बाई अगदी जिवंत बसली होती. नाव एदेल्मीरा. एक्वादोरच्या डोंगराळ भागातली. तिनं बूट काढून अंगठा दाखवला आणि म्हणाली, “देदो.” म्हणजे बोट. ब्रेंडाचा दोष नाही, तिनं ऐकलं तसं लिहिलं.

अंगठ्याला जखम होती. साखर भयंकर वाढलेली. बोट लावलं तर विव्हळली, “आय, आय, आय.” आमच्यासारखीच आई आठवली तिला. मी मराठीतच म्हटलं, “होय बाई, दुखणारच.” मग माझं नाव सांगितलं. ती हसली नाही. माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि हळूच छातीवर क्रूस काढला.

लगेच हॉस्पिटलला पत्र लिहिलं. ब्रेंडा म्हणाली, “डॉक्टर, फोनवर दुभाषी मिळतो. मागवू का पुढच्या वेळी?”

“नको,” म्हटलं. घरच्या माणसाशी कुणी मध्ये तिसरा बसवून बोलतं का?

३ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलचं पत्र आलं. गोळ्यांनी भागणार नाही, इन्सुलिन सुरू करा. महिन्याभरात साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल.

एदेल्मीरा एकटी राहते. पहाटे चारपासून उभ्यानं सहा मजले पुसते. तिला अंगठा हवाच.

आज अर्धा तास दिला तिला. संत्र्यावर सुई टोचून दाखवली. मग खुर्ची जवळ घेऊन विचारलं, “इन्सुलिना, सी?” इन्सुलिन, हो ना? आणि तिला धीर यावा म्हणून मान हलवली. आमच्या शाळेत गुरुजी फळ्याकडून वळून “कळलं का?” म्हणायचे आणि चाळीस माना एकदम डुलायच्या, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. तशी, संथ आणि मनापासून.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मानेकडे, पुन्हा तोंडाकडे. एकदम तिचा चेहरा उजळला. “सी, डॉक्टर. ग्रासियास आ दिओस,” म्हणाली. देवाचे आभार. औषधाबद्दल देवाचे आभार मानणारा पेशंट या देशात मी पहिल्यांदा पाहिला.

प्रिस्क्रिप्शन घेऊन गेली. संत्रंही घेऊन गेली.

८ फेब्रुवारी, रविवार

ब्रिस्टलहून उदयचा फोन. आम्ही मेडिकल कॉलेजात एका खोलीत राहायचो. त्याला माझी नवी पद्धत सविस्तर सांगितली.

“पद्या, तू स्पॅनिश बोलतोस? तुझं इंग्लिश ऐकून माझे पेशंट बरे झाले असते,” म्हणाला. मग विचारलं, “मेमध्ये येताय ना दोघं इकडे?”

मी मनापासून होकार दिला.

“अरे, फोनवर मान हलवू नकोस. मला दिसत नाही.”

त्याला कसं कळलं, देव जाणे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दिवस चांगला गेला नाही. दोन आठवडे इन्सुलिन घेऊन एदेल्मीराची साखर होती त्याहून वर. अंगठ्याची कड काळपट दिसते.

विचारलं, “इन्सुलिना? सी?” आणि मान हलवली, नेहमीपेक्षा जास्तच, कारण मलाच धीर हवा होता. ती कळवळून बघत राहिली. “सी, डॉक्टर. सी, सी.” मग उठली, माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं, वर आढ्याकडे दाखवलं आणि हात जोडले.

डोक्यावर देव आहे, काळजी करू नका, असं म्हणत असावी. ज्याचा पाय सडतोय त्यानं डॉक्टरला धीर द्यावा, याची लाज वाटली.

डोस वाढवला. संध्याकाळी निरांजन लावताना तिचं नाव घेतलं. उच्चार चुकला असेल, पण तिथं चालून जातं.

१८ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

एदेल्मीरा कामावर गेली नाही, चालवत नाही, असा निरोप आला. दुपारी घरी गेलो. ट्रामच्या रुळांजवळ एका घरात वरची खोली. दार उघडायला जिना ती बसत बसत उतरली होती.

वर गेल्या गेल्या तिनं ताटली पुढे केली. माझा कडक उपास. ताटलीत उकडलेला पांढरा कंद. नाव विचारलं तर ‘युका’. हा कंद मला माहीत होता. साबुदाणा याचाच करतात. तेव्हा दोन तुकडे मीठ लावून निर्धास्त खाल्ले. महादेवाला हरकत नसावी. तिची जेवणाची वेळ झाली होती, पण मी खाईपर्यंत ती उभीच.

मग इन्सुलिन बघायला फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात सगळे खोके रांगेनं. एकही फोडलेला नाही. शेजारी माझं संत्रं, सुईच्या भोकांसकट.

मी दार लावून वळलो. समोरच्या कपाटावर मेरीमातेची तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती, आणि मेणबत्तीला टेकवून माझा फोटो. दवाखान्याच्या माहितीपत्रकातून नीट कातरलेला. या लोकांत डॉक्टरला मान असतो हे पानांवर वाचलं होतं, पण इतका?

“पोर के?” म्हटलं. का? बाराव्या धड्यात माणूस गाडी उशिरा का आली ते असं विचारतो. ती खूप बोलली. बोलताना डोळे भरून आले. मला तीनच शब्द पकडता आले: डॉक्टर, नो, आणि काबेसा. गाडीत बसून शब्दकोश पाहिला. काबेसा म्हणजे डोकं. म्हणजे इन्सुलिननं डोकं दुखतं अशी समजूत असावी. पण तिनं तर ते घेतलंच नाही.

पंधरा दिवस वाया गेले. अंगठा जाईल तो तिचा, आणि जाईल तो माझ्या बारा धड्यांमुळे. दवाखान्यात परत येऊन ब्रेंडाला म्हटलं, “तो फोनवरचा दुभाषी मागव.”

ब्रेंडा म्हणाली, “नक्की? डॉक्टर, हे हो आहे की नाही? मला तुमचं कधीच कळत नाही.”

इंग्रज लोकांना सरळ गोष्ट दोनदा सांगावी लागते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

एदेल्मीरा टॅक्सीनं आली. टेबलावर फोन, फोनच्या स्पीकरमधून दुभाषी बाई. आवाज समजूतदार.

मी म्हटलं, “विचारा त्यांना, इन्सुलिन का घेतलं नाही.”

दोघी बोलल्या. दुभाषी म्हणाली, “त्या म्हणतात, डॉक्टरांनीच नको सांगितलं.”

“मी? मी तर तीनदा सांगितलं घ्या म्हणून.”

पुन्हा बोलणं. “त्या म्हणतात, तोंडानं घ्या म्हणालात. मानेनं नको म्हणालात. तोंडाला हॉस्पिटलचं ऐकावं लागतं, नोकरी आहे. मान खरं बोलते. म्हणून त्यांनी मानेचं ऐकलं.”

“माझ्या मानेचा काय संबंध?”

“ते मला कसं कळणार, मी फोनवर आहे,” दुभाषी म्हणाली. “डॉक्टर, तुम्ही आत्ता मान हलवताय का?”

मी थांबलो. हलवत होतो. खोलीत भिंतीवर हात धुण्याच्या जागी आरसा आहे. त्यात एकोणपन्नास वर्षांचा माणूस बसला होता आणि त्याची मान नुकत्याच बंद केलेल्या पंख्यासारखी हळूहळू थांबत होती.

ट्रेनिंगच्या बाई आठवल्या. ब्रेंडा आठवली. उदय आठवला. बारा वर्षांत किती जणांना मी हो म्हणून नाही म्हटलं असेल.

म्हटलं, “त्यांना सांगा, आमच्याकडे याचा अर्थ हो. मनापासून हो.”

सांगून झालं. एदेल्मीरानं माझा हात थोपटला आणि काहीतरी म्हणाली.

“त्या म्हणतात, बिचारे, आजारी माणूस असंच म्हणतो.”

“आजारी कोण?”

“तुम्ही. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. भीती बसल्यानं मानेत कंप शिरतो, त्यांच्या गावातही एका माणसाला होता. त्या रोज तुमच्यासाठी मेणबत्ती लावतात.” दुभाषी जरा घुटमळली. “आणि डॉक्टर, एक विचारू? त्या तुम्हांला कोणत्या नावानं हाक मारताहेत ते मी नीट ऐकतेय ना?”

“काका. आमच्या भाषेत वडिलांचा भाऊ. मीच सांगितलंय सगळ्यांना.”

“सगळ्यांना,” दुभाषी म्हणाली. “स्पॅनिशमध्ये, डॉक्टर, लहान बाळ लंगोटात जे करतं ना, त्याला म्हणतात.”

पाच आठवडे. निदान तीस पेशंट. छातीवर हात ठेवून.

मी एदेल्मीराला विचारायला सांगितलं, तुम्ही एकट्याच का हसला नाहीत? उत्तर आलं: “त्यांना वाटलं, एवढा शिकलेला माणूस स्वतःला इतकं कमी लेखतो, तर तो देवाचा माणूस असणार.”

गेली तीस वर्षं मी रोज देवाजवळ नम्रता मागतो आहे. ती अशी मिळेल असं वाटलं नव्हतं.

पण अंगठा तिथेच होता, काळी कड पसरत होती. काकुळतीनं म्हटलं, “सांगा त्यांना, मी बरा आहे. कृपा करून आजच सुई घ्या.” हे बोलताना मान दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. त्यानं तर तिची खात्रीच पटली.

शेवटी सौदा ठरला. तिच्या देशात अशा दुखण्यावर अंड्याचा उपाय आहे. मंगळवारी ती अंडं घेऊन येणार. आधी माझा इलाज, मान स्थिर झाली आणि त्या मानेनं इन्सुलिन घ्या म्हटलं, तर तिथल्या तिथे ती सुई घेणार. चार दिवस मी थांबायला तयार नव्हतो. ती म्हणाली, उपाय मंगळवारीच लागू पडतो. आमच्याकडे दृष्ट काढायलाही शनिवार, मंगळवार बघतात. वाद घालायला जागाच उरली नाही. तोवर जखमेची गोळी नियमित घ्यायची, हे मात्र मी कबूल करून घेतलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सुप्रभाला सगळं सांगितलं. ती आधी पदर तोंडाला लावून हसली, मग ओट्याला धरून हसली, मग म्हणाली, “अहो, माझं लग्न तरी तुमच्याशी कसं ठरलं? बघायला आलात तेव्हा मुलगी पसंत आहे का विचारलं, तर तुम्ही नुसती मानच हलवली होती.”

“ती सांगलीची मंडळी होती. त्यांना कळलं.”

रात्री आरशासमोर सराव केला. खाली-वर, खाली-वर. आडातून पाणी शेंदल्यासारखं वाटतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

एदेल्मीरा टोपलीत अंडं घेऊन आली. आज नेमका इथला पॅनकेकचा, म्हणजे अंड्याच्या धिरड्यांचा दिवस. ब्रेंडा म्हणाली, “अगं, किती छान, पण एकाच अंड्यात सगळ्यांचं कसं होणार?”

दार लावलं. तिनं मला तपासणीच्या पलंगावर बसवलं. डोळे मिटायला सांगितले. गार अंडं कपाळावरून, कानामागून, मानेवरून फिरवायला लागली आणि पुटपुटू लागली. शब्द कळले नाहीत. पण चाल ओळखीची होती. आई मीठ-मोहऱ्या मुठीत धरून असंच भरभर पुटपुटायची, आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची, आणि मुठीला घामाचा न् मिठाचा वास यायचा. मला वाटतं मी चाळीस वर्षांत इतका स्वस्थ बसलो नव्हतो.

तेवढ्यात ब्रेंडा सही घ्यायला आत आली. पाहिलं, “सॉरी डॉक्टर,” म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

एदेल्मीरानं अंडं पाण्याच्या ग्लासात फोडलं, उजेडाकडे धरलं आणि माझ्याइतक्याच गंभीरपणे निदान केलं. त्यातलं ‘मुचो’ कळलं. म्हणजे पुष्कळ. काय पुष्कळ, ते विचारलं नाही. मग तिनं माझा चेहरा दोन्ही तळहातांत धरला, खरबरीत, फिनेलचा वास असलेल्या, आणि थेट डोळ्यांत बघून विचारलं, “इन्सुलिना?”

मान हलायला निघाली होती. मला जाणवलं. तिच्या तळहातांनाही जाणवलं असेल. मी ती आवरली, खाली नेली, वर आणली. एकदा.

“सी,” म्हटलं.

तिनं हात सोडले, खुर्चीत बसली, पोटावरचा स्वेटर वर केला आणि स्वतः सुई टोचून घेतली. संत्र्यावर दाखवली होती तशी, अगदी बरोबर. म्हणजे पहिल्या दिवशीच तिला सगळं कळलं होतं.

ती गेल्यावर ब्रेंडानं ग्लासाकडे बघून विचारलं, “डॉक्टर, हे जंतुकचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायचं की साध्या?” मी मान हलवली. मग तोंडानं म्हटलं, “साध्या.”

३० मार्च, मंगळवार, रामनवमी

हॉस्पिटलचं पत्र. साखर निम्म्यावर आली. काळं गेलं, खालून तांबूस कातडी आली आहे. अंगठा काढण्याचं कारण उरलेलं नाही. हे वाक्य दोनदा वाचलं.

एदेल्मीरा पायानं चालत आली. पुढच्या सोमवारपासून दोन मजले, मग हळूहळू सहा. तिला सुंठवडा दिला, चिमूटभरच. साखर आहे म्हटलं. ती म्हणाली, आता दुभाषी न लागता कळतं एवढं, “पोको, पोको.” थोडा, थोडा.

नावाचं काही झालं नाही. ब्रेंडाला सांगितलं होतं, सगळ्यांना ‘डॉक्टर एच’ सांगत जा. पण नवे पेशंट रिसेप्शनवर येऊन डॉक्टर काकाच मागतात, आणि हसत आत येतात. हसत आलेला माणूस दुखणं लवकर सांगतो. राहू दे म्हटलं.

पेशंटसमोर मी आता आडातून पाणी शेंदतो. उदय म्हणतो, फोनवर तू बोलायला लागलास, करमत नाही.

संध्याकाळी निरांजन लावलं. एदेल्मीराचा अंगठा राहिला म्हणून हात जोडले, आणि बघतो तर मान डुलतेय, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. धरली नाही. तिथं चालतं. तो आमच्याच बाजूचा आहे.